पन्नासाव्या किलोमीटरचा फ्रिज

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या डॉबीज वेल गावात कुणालाही विचारा. पण माझा हात वाईट आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही. एकतीस वर्षं मी इथे टायरचं दुकान चालवते आहे आणि मी बसवलेलं एकही चाक रस्त्यात निसटलेलं नाही. चाक बसवलं की टायरवर पिवळ्या खडूने 'जी' काढते. जी म्हणजे ग्लेनिस. हे चाक मी घट्ट केलं, काही झालं तर मला येऊन धरा, असा त्याचा अर्थ. इकडे सगळ्यांची हीच रीत आहे. ज्याने पाना फिरवला त्याचं अक्षर टायरवर.

दुसरी रीत फ्रिजची, आणि ती आम्हीच पाडली. आमच्या गावापासून हॅलिगनपर्यंत एकशे ऐंशी किलोमीटर कच्चा रस्ता आहे. मध्ये घर नाही, फोन लागत नाही. नवं बसवलेलं चाक पन्नासेक किलोमीटर पळालं की जागेवर बसतं आणि नट थोडे ढिले पडू शकतात, म्हणून ते पुन्हा एकदा तपासायचे असतात. लोक कंटाळा करायचे. मग मी आणि माझ्या नवऱ्याने, मर्विनने, बरोबर पन्नासाव्या किलोमीटरला एक मोडका फ्रिज नेऊन उभा केला. आत एक चाकाचा पाना आणि एक वही. जाणारा थांबतो, नट तपासतो, वहीत नाव, वेळ आणि काय सापडलं ते लिहितो. आतला पाना बाहेर न्यायचा नाही आणि वहीतलं पान फाडायचं नाही. सगळ्याला लागतात चार मिनिटं. "चारच मिनिटं तर लागतात" हे मी इतक्यांदा बोलले आहे की गावातली पोरं माझी नक्कल करतात.

त्या सकाळी माझी मुलगी टॅम्सिन परत निघाली होती. पोर्ट ऑगस्टाला असते. आठ महिन्यांच्या फ्लिनला घेऊन दहा दिवस माझ्याकडे राहिली, आणि दहा दिवस आमचं बरं चाललं होतं, म्हणजे दोघीही जिभेला लगाम घालून होतो. पूर ओसरून तीन आठवडे झाले होते. रस्ता सुकला होता, पण जी गाडी यायची ती लाल चिखल लेवूनच यायची, आणि तो चिखल वाळला की विटेसारखा घट्ट होतो. निघायच्या आधी सवयीने मी तिच्या गाडीभोवती फिरले, तर मागच्या डाव्या चाकाच्या रिमला तडा गेलेला. मी म्हटलं, दहा मिनिटं थांब, माझ्याकडे याच मापाची रिम टायरसकट पडून आहे, ती लावून देते.

चाक काढलं. नवीन चाक उचलायच्या आधी मी तिला एवढंच म्हटलं, की फ्रिजपाशी थांब आणि हे नट बघ.

एवढंच म्हटलं होतं हो. पण तिचा चेहरा बदलला. फ्लिनला कडेवर घेऊन ती दुकानाच्या दारात उभी होती. म्हणाली, "नाही थांबणार. त्या फ्रिजपाशी मी आयुष्यात परत थांबणार नाही."

मी म्हटलं, चारच मिनिटं तर लागतात.

"बाबा मागच्या सीटवर मरत होते," ती म्हणाली, "आणि तू नट मोजत होतीस. चार मिनिटं."

अकरा वर्षं आमच्यात ही गोष्ट अशी उघड कधी बोलली गेली नव्हती. इकडे डॉक्टर विमानाने येतात, आणि अकरा वर्षांपूर्वी मर्विनच्या छातीत कळ आली तेव्हा आमच्या गावची धावपट्टी दुरुस्तीला काढलेली होती. डॉक्टरांचं विमान हॅलिगनला उतरणार होतं. त्याच सकाळी मी आमच्या गाडीची पुढची दोन्ही चाकं बदलली होती. म्हणून मी फ्रिजपाशी थांबले. सतरा वर्षांची टॅम्सिन मागे बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि "आई, चल ना, आई, चल ना" म्हणत होती. हॅलिगनचे दिवे दिसायला लागले आणि मर्विन गेला. डॉक्टर मला नंतर म्हणाले, चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगत असतील.

माझं डोकं असं भणभणत होतं की समोरचं धड दिसत नव्हतं. चाक उचललं, बसवलं, हाताने नट फिरवले, गाडी खाली घेतली. टॉर्क पाना घेतला, आकडा बघितला, एकशे दहा. हा पाना जोर मोजतो. लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की टक् करतो, आणि टक् झालं की हात थांबवायचा. पाच नट, समोरासमोरचे धरून, चांदणी काढल्यासारखे. टक्, टक्, टक्, टक्, टक्. प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारली आणि टायरवर जी काढला. टॅम्सिन फ्लिनला सीटमध्ये बांधून निघून गेली. हातसुद्धा हलवला नाही. घड्याळात नऊ वाजले होते.

मग मी आवरायला लागले. मला राग आला की मी झाडते. अर्धा तास दुकान झाडलं. स्वतःशीच बोलत होते. तिला चार शब्द सुनावायला हवे होते, ते आता झाडूला सुनावत होते. तडा गेलेली रिम मध्येच पडली होती, तिला पायाने ढकलली तर ती उलटी झाली.

रिमच्या मागच्या बाजूला, जो भाग गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या लोखंडी चकतीला, चिकटून बसतो तिथे, वाळलेल्या लाल चिखलाचं कडं होतं. अर्धं होतं. निम्मं कडं रिमबरोबर आलं होतं, म्हणजे निम्मं हबवरच राहिलं होतं.

मी भिंतीकडे बघितलं. तारेचा ब्रश खिळ्याला होता तसा लटकत होता. त्याला चिखलाचा कणसुद्धा नव्हता.

एकतीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट पढवत आले आहे, आधी ब्रश, मग पाना. हब आणि रिम दोन्ही घासून लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे. मध्ये चिखल असला तरी पाना टक् म्हणतोच. त्याला काय कळतंय? तो फक्त जोर मोजतो. पण खडबडीत रस्त्यावर त्या चिखलाचं पीठ होतं, पीठ गळून जातं, तेवढी फट पडते आणि पाचही नट एकदम सैल होतात. मी लावलेल्या रंगाच्या रेघा, माझा जी, सगळं त्या चिखलावर बसलं होतं. आणि आत माझं नातवंड होतं.

फोन लावला. लागत नाही म्हणून सांगणारी बाई बोलली. गावाबाहेर पंधरा किलोमीटरवर फोन मरतो आणि टॅम्सिनला निघून अर्धा तास झाला होता. गाडीतल्या रेडिओवर, चाळीस नंबरच्या चॅनलवर हाका मारल्या. तीन वेळा नाव घेतलं. तिने रेडिओ बंद ठेवला असणार. माझा आवाज ऐकायचा नव्हता तिला.

उत्तर आलं ते लायलचं. लायल तीन डब्यांचा ट्रक भरून गुरं घेऊन गावाकडे येत होता. "काय गं ग्लेनिस, सकाळी सकाळी कुणावर भुंकतेस?" म्हणाला.

मी विचारलं, पांढरी गाडी दिसली का. तो म्हणाला, आत्ताच समोरून गेली, चाळिसाव्या किलोमीटरला, टॅम्सिनच होती ना? रामराम म्हणून मी एक बोट वर केलं तर पोरीने बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाला, "तिचं मागचं डावं चाक डुलत होतं गं. हवा कमी असेल असं वाटलं. धुळीत नीट दिसलं नाही."

मी त्याला सांगितलं काय झालंय ते. मी ब्रश मारला नाही, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. गाडी वळवता येईल का विचारलं, तर म्हणाला, तीन डबे आहेत मागे, वळवायला मला फुटबॉलचं मैदान लागेल. मग मला धीर द्यायला म्हणाला, "अगं, फ्रिजपाशी थांबेलच की ती. कोण थांबत नाही?"

"आज नाही थांबायची," मी म्हटलं.

जॅक, टॉर्क पाना आणि ब्रश पिकअपमध्ये टाकला आणि निघाले. निघताना डोक्यात आकडे फिरत होते. नव्वदाव्या किलोमीटरला उतार आहे. पठार तिथे संपतं आणि रस्ता कड्याच्या कुशीतून खाली जातो, डाव्या हाताला कठडा नाही, आणि खाली सुकलेली नदी आहे, नुसते धोंडे. टॅम्सिन ऐंशीने चालवते. सदतीस-अडतीस मिनिटांत ती उतारावर पोचणार. मी जीव तोडून एकशे दहाने गेले तरी मला पन्नास मिनिटं लागणार. ती न थांबता गेली तर मी पोचत नव्हते. कसंही मोजलं तरी पोचत नव्हते.

त्या रस्त्यावर एकशे दहाने कुणी जात नाही. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालेला असतो, स्टिअरिंग हातात थरथरतं, दात वाजतात. एका बाजूला रेडिओवर तिचं नाव घेत होते, दुसऱ्या बाजूला मर्विनला शिव्या घालत होते. का ते विचारू नका. जवळ दुसरं कुणी नव्हतं.

सव्विसाव्या किलोमीटरला लायलचा ट्रक आला. त्याची धूळ म्हणजे भिंत असते, आत शिरलं की स्वतःचं बॉनेट दिसत नाही. पण तो आधीच बाजूला घेऊन थांबला होता. रेडिओवर म्हणाला, "धूळ बसलीय. जा सरळ. मागे कुणी नाही." मी जाताना त्याने टोपी काढून हातात धरली होती, मयत जाताना धरतात तशी. ते मला बिलकुल आवडलं नाही. टोपी घाल मेल्या, असं मी मोठ्याने म्हटलं, पण त्याला ऐकू गेलं नसणार.

दूर पांढरा फ्रिज दिसायला लागला. त्याच्यापाशी गाडी नव्हती. मी डोळे ताणून बघत होते, गाडी नव्हतीच.

एकतीस वर्षांत तो फ्रिज मी न थांबता ओलांडलेला नाही. पावसात थांबले आहे, तापात थांबले आहे, नवरा मागे विव्हळत होता तेव्हा थांबले आहे. माझा उजवा पाय आपोआप ब्रेककडे निघाला होता. थांबावं, वही बघावी, तिने लिहिलंय का ते तरी कळेल, असं मनात आलं. दार उघडायचं, पान काढायचं, परत गाडीत बसायचं. अर्धं मिनिट. पण त्या अर्ध्या मिनिटात टॅम्सिन पाऊण किलोमीटर पुढे जाणार होती. मी पाय उचलला आणि फ्रिज मागे गेला. मला रडू आलं. चालवता चालवता रडले, डोळे पुसले, परत चालवलं.

साठावा गेला. पासष्टावा गेला. दर वळणावर वाटायचं, आता रस्त्याच्या बाजूला पांढरं काहीतरी उलटं पडलेलं दिसणार. एकदा दिसलंही. जवळ गेले तर मेलेल्या गायीची हाडं होती.

सत्तराव्याच्या पुढे एका बाभळीखाली गाडी उभी होती. चार चाकांवर उभी होती.

मी थांबवली ती जवळजवळ तिच्यावर आदळतच. टॅम्सिन मागच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यांवर बसली होती. तिच्या हातात फ्रिजमधला पाना होता, जो फ्रिजमधून कुणी कधी हलवायचा नसतो. मागच्या सीटवर फ्लिन गळा काढून रडत होता. टॅम्सिनने मान वर केली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तू ब्रश मारला नाहीस."

"नाही," मी म्हटलं. "नाही मारला. माझी चूक आहे."

हे वाक्य मी याआधी कधी बोलले होते ते मला आठवत नाही. तिलाही आठवत नसावं, कारण ती माझ्याकडे बघतच राहिली.

मग तिने सांगितलं. फ्रिजपाशी थांबायचं नाही असं ठरवूनच ती चालली होती. पण फ्रिज दिसला आणि पाय ब्रेकवर गेला. तुझ्यावर इतकी चिडले होते, तरी गेला, म्हणाली. बघते तर तीन नट सैल, आणि रिमच्या कडेने लाल पीठ गळत होतं. तेव्हाच तिला कळलं. घट्ट केले, पाना बरोबर घेतला आणि दर दहा किलोमीटरला थांबायचं ठरवलं. साठाव्याला दोन सैल निघाले. सत्तराव्यानंतर चाक ठकठक करायला लागलं म्हणून इथे थांबली तर पाचही हाताने फिरत होते. ब्रश नव्हता, जॅक सामानाच्या तळाशी. पुढे जायची तिची छाती झाली नाही. पुढे उतार आहे, म्हणाली. मला माहीत आहे, मी म्हटलं.

मी फ्लिनला उचलून आणला आणि बाभळीच्या सावलीत मांडीवर घेऊन बसले. पान्याला हात लावायची माझी लायकी नव्हती त्या क्षणी. टॅम्सिनने चाक काढलं. हबवरचा चिखल ब्रशने घासला, रिम घासली, बोटाने पुसून बघितलं, परत घासलं. लोखंड चमकायला लागेपर्यंत घासलं. लहानपणी माझ्या दुकानात शिकलेलं पोर सगळं विसरली असेल असं मला वाटत होतं, ती काहीही विसरलेली नव्हती. टॉर्क पाना मागायला तिने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. टक् झालं की ती थांबत होती.

पाचवा टक् झाल्यावर मी म्हटलं, "त्या दिवशी एकही नट सैल नव्हता गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "घरी त्या जुन्या वह्या आहेत ना? त्या दिवसाची वही भरून घरी आली तेव्हा मी ते पान उघडून बघितलं. 'ग्लेनिस, सगळे घट्ट.' म्हणूनच तर इतकी वर्षं वाटत राहिलं, ती चार मिनिटं फुकट गेली." ती पाना पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "आज फ्लिन असाच रडत होता. आणि मी पाठ फिरवून नट मोजत होते. त्याला उचललंसुद्धा नाही मी."

फ्लिन माझ्या शर्टाचं बटण चोखत होता.

"आज तू थांबलीस का फ्रिजपाशी?" तिने विचारलं.

"नाही."

तिने पाना खाली ठेवला. "बाबांच्या वेळी थांबलीस, आणि आज नाही?"

"त्या दिवशी वाटलं, थांबले नाही तर तिघंही जाऊ," मी म्हटलं. "आज वाटलं, थांबले तर तू जाशील. मला दोन्ही वेळा एवढंच कळलं."

ती उठली, माझ्याजवळ येऊन बसली, आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. घामाचा आणि ग्रीसचा वास येत होता तिला. किती वेळ बसलो ते मी मोजलं नाही. मग मी खिशातून पिवळा खडू काढून तिला दिला. तिने टायरवरचा माझा जी तळहाताने पुसला आणि तिथे टी काढला. निघताना तिने रेडिओ चालू केला आणि मला बोलून दाखवायला लावलं, ऐकू येतंय का ते बघायला. उतार उतरल्यावर तिने तिकडून सांगितलं, "उतरले. सगळं ठीक." तोपर्यंत मी तिथेच बाभळीखाली बसून होते.

फ्रिजमधला पाना परत ठेवायचा होता. येताना थांबले. पाना खिळ्याला लावला आणि वही उघडली. शेवटची ओळ टॅम्सिनची होती. 'टॅम्सिन, ९:३९. मागचं डावं, तीन सैल. जी ने हब घासला नाही.'

एकतीस वर्षांत त्या वहीत माझ्या अक्षराविरुद्ध ही पहिली ओळ. आज ना उद्या सगळा रस्ता ती वाचणार होता. लायल तर येता-जाता मोठ्याने वाचणार. पान फाडायचा विचार आला का? आला. खोटं कशाला बोलू? मग पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'खरं आहे. ग्लेनिस.'

मग माझ्या पिकअपचे नट तपासले. चारही चाकं, वीस नट. घाई नव्हती, कुणी वाट बघत नव्हतं, मागच्या सीटवर कुणी नव्हतं. का कोण जाणे, सुरू करताना घड्याळ बघितलं आणि संपल्यावर बघितलं. चार मिनिटं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, चारच मिनिटं तर लागतात.

फ्रिजच्या दाराला टेकून मी मोठ्याने म्हटलं, "मर्विन, फार असतात रे चार मिनिटं."

मग वहीत लिहिलं, 'ग्लेनिस, सगळे घट्ट', आणि दार लावून घेतलं.